सातवी ब ची नावं गेली कुठं?

वाचकांचे प्रश्न

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला आणि चक्क पाच पत्रं एकाच विषयावरची निघाली, शाळेतून अवकाशयानाबरोबर मुलांची नावं पाठवणं. एरवी बुरशी आलेलं लोणचं आणि गुडघेदुखी यांच्यातून डोकं वर काढायला मिळत नाही, म्हणून म्हटलं यावेळी सगळी जागा यांनाच देऊन टाकू. लोणचंवाल्यांनी रागावू नये.

पहिलं पत्र : निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा

*सप्रेम नमस्कार. २००६ च्या पावसाळ्यात मी आमच्या शाळेतल्या सातवी ब च्या ४३ मुलांची नावं नासाच्या लघुग्रहांकडं जाणाऱ्या एका यानासाठी पाठवली होती. गावात इंटरनेट कुठलं, तालुक्याच्या सायबर कॅफेत माझ्या भाच्यानं एकेक नाव टाइप केलं, त्यात मधे दोनदा लोडशेडिंग. कलर प्रिंट महाग म्हणून एकच सर्टिफिकेट छापलं, लॅमिनेट करून ऑफिसात लावलं. परवा शाळेचा रंग काढताना ते कपाटामागं सापडलं, त्यांनी मला फोन करून बोलावून दिलं. आताची पोरं जमली आणि विचारायला लागली, बाई ते यान परत आलं का? मला काही सांगता येईना. वर एक तरुण सर हसून म्हणाले की बाई ती नुसती जाहिरातबाजी असते. खरं काय ते सांगा.*

बाई, परत आलं नाही, येणारही नाही, पण हरवलंही नाही. तुमच्या ४३ पोरांची नावं या क्षणी सेरेस नावाच्या एका गोल, काळपट जगाभोवती फिरतायत, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, सूर्यापासून साधारण ४१ कोटी किलोमीटर लांब. यानाचं नाव डॉन, म्हणजे पहाट, मुंबईतला डॉन नव्हे. सर्टिफिकेटवर बघा, नक्की हेच नाव असणार, कारण लघुग्रहांकडं जाणारं आणि त्या साली नावं घेणारं नासाचं यान हेच होतं. सप्टेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ असं नावं घेणं सुरू होतं, जगभरातून ३ लाख ६० हजारांवर नावं आली आणि नाण्याएवढ्या एका चिपवर ती सगळी बारीक करून मावली. मे २००७ मधे ती चिप यानाला बसवली.

आणि तुम्हाला एक गंमत सांगतो जी तुमच्या भाच्यालाही माहीत नसणार. तुम्ही नावं पाठवलीत त्याच वर्षी मार्चमधे नासानं ही मोहीमच रद्द केली होती! खर्च वाढला, तांत्रिक अडचणी, २ मार्चला जाहीर केलं की बंद. मग ओरडाआरडा झाला, फेरविचार झाला आणि २७ मार्चला पुन्हा सुरू. म्हणजे मेलेलं यान पंचवीस दिवसांत उठून बसलं आणि त्यानंतर दोनतीन महिन्यांत तुम्ही सायबर कॅफेत गेलात.

२७ सप्टेंबर २००७ ला ते उडालं, आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. इथं कुणाला पत्ताही नव्हता आणि त्याला कारणही होतं, दोन दिवसांपूर्वी अनंत चतुर्दशी झालेली, आदल्या दिवशी धोनीच्या टीमची टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून आल्यावर मुंबईत बसवरून मिरवणूक निघालेली, त्या गडबडीत अमेरिकेतून एक यान उडालं तर कोण बघतंय.

आता त्याचा प्रवास पोरांना सांगायचा असेल तर इंजिनापासून सुरुवात करा, पोरं तिथंच अडकतात असा माझा अनुभव. डॉनला आयन इंजिन होतं. झेनॉन नावाच्या वायूला विजेचा भार द्यायचा आणि तो प्रचंड वेगानं मागं फेकायचा. पण जोर किती, तर तळहातावर वहीचं एक पान ठेवा, ते पान हाताला जेवढं दाबतं तेवढा. थांबलेलं यान या जोरावर ताशी ९६ किलोमीटरला पोचायला चार दिवस लागतात, आपली एसटी स्टँडातून निघून फाट्यावर येईस्तोवर पळायला लागते. फरक एवढाच की एसटी डेपोत थांबते आणि हे इंजिन थांबत नाही, सगळं मिळून जवळजवळ सहा वर्षं ते चालू होतं. त्यासाठी सोबत घेतलेला वायू फक्त ४२५ किलो.

जुलै २०११ मधे ते वेस्टा नावाच्या लघुग्रहापाशी पोचलं, तिथं वर्षभर मुक्काम, मग सप्टेंबर २०१२ ला निघून ६ मार्च २०१५ ला सेरेसला. पृथ्वीबाहेरच्या दोन वेगवेगळ्या जगांभोवती एकामागून एक फिरलेलं हे पहिलं यान. वेस्टा सव्वापाचशे किलोमीटर रुंद, आणि तिच्या दक्षिण टोकाला एक खड्डा आहे तो ५०० किलोमीटरचा, म्हणजे पेरूला एका बाजूनं पोपटानं असा चावा घेतलाय की पेरू राहिला हेच नवल. त्या टकरीत उडालेले तुकडे अजून अवकाशात भटकतायत, पृथ्वीवर पडणाऱ्या शंभर दगडांतले सहाएक वेस्टाचे असतात. राजस्थानात १९९४ ला लोहावटला आणि १९९६ ला पिपलिया कलाँला पडलेले दगड याच जातीचे. म्हणजे तुमची मुलं नावानं वेस्टाला गेली त्याच्या आधीच वेस्टा आपल्याकडं येऊन गेली होती.

सेरेसवर एक डोंगर आहे, एकटाच, सपाटीतून चार किलोमीटर वर आलेला, बर्फ आणि खारट चिखलाच्या ज्वालामुखीतून झालेला. त्याचं नाव अहुना. सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी म्हणून तिथल्या जागांना जगभरातल्या शेतीच्या देवांची आणि सणांची नावं देतात, आणि अहुना हा आपल्या नागालँडमधल्या सुमी नागांचा सुगीचा सण! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. शिवाय तिथल्या ओकेटर नावाच्या खड्ड्यात पांढरेशुभ्र ठिपके आहेत, आधी लोक म्हणत होते बर्फ, निघाला सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा.

शेवट असा झाला की यानाचं तोंड फिरवायला लागणारं इंधन, हायड्राझिन, २०१८ च्या ऑक्टोबरअखेर संपलं. अँटेना पृथ्वीकडं वळवता येईना, १ नोव्हेंबरला नासानं मोहीम संपल्याचं जाहीर केलं. मुद्दाम सेरेसवर आपटवलं नाही कारण तिथं पाणी आणि कार्बनी रसायनं आहेत, आपले जंतू तिथं सांडायला नकोत. म्हणून वरच ठेवलं, २७ तासांत एक चक्कर, खाली येतं तेव्हा जमिनीपासून ३५ किलोमीटरवर, वर जातं तेव्हा ४ हजार. निदान २० वर्षं पडणार नाही आणि बहुतेक ५० वर्षंही नाही असा हिशोब आहे.

राहिले तुमचे तरुण सर. बाई, ते अर्धे बरोबर आहेत. ती चिप काही काम करत नाही, यान ती वाचत नाही, कुणीच वाचत नाही, आणि नासाला लोकांचा पैसा लागतो तर लोकांना आपलंसं करायला हा उद्योग असतोच, त्यात लपवण्यासारखं काय आहे. मुलांना हे सरळ सांगावं की तुम्ही गेला नाहीत, तुमचं नाव गेलंय. पण अर्धे चुकतायत ते असं की एवढ्या वर्षांनी नव्या पोरांनी त्या कागदाकडं बघून यान आलं का विचारलं ना, वर्गात सौरमालेचा तक्ता किती वर्षं लटकतोय, त्याच्याबद्दल असं कुणी विचारलं का?

चूक झाली असेल तर वेगळीच, आणि ती जवळजवळ सगळ्याच शाळा करतात, मीही शिकवत होतो तेव्हा केलीय. सर्टिफिकेट फ्रेममधे गेलं की विषय संपला. २०११ ला पोचलात, २०१५ ला पोचलात, हे त्या ४३ जणांना कुणी सांगितलंच नाही. आता त्यांची तिशी ओलांडली असेल, कुणी पुण्यात कंपनीत, कुणी शेतात, त्यांचा बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असणारच. त्यावर सर्टिफिकेटचा फोटो टाका आणि लिहा की तुम्ही सगळे सेरेसभोवती फिरताय. बघा किती रिप्लाय येतात ते, आणि मला कळवा.

दुसरं पत्र : एक पालक, नाशिक

*मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आलीय, ३५० रुपये भरा, मुलाचं नाव अंतराळात जाईल आणि सर्टिफिकेट मिळेल. भरू का?*

नका भरू, निदान लगेच नका. नासा असो की जपानची जाक्सा, अशा नावांसाठी एक रुपया घेत नाहीत. आत्ता गुरूच्या युरोपा चंद्राकडं निघालेल्या क्लिपर यानावर २६ लाख लोकांची नावं आहेत, सगळी फुकट. सर्टिफिकेटही आपण घरी प्रिंट करायचं असतं. शाळेत जाऊन शांतपणे तीन गोष्टी विचारा, यान कुठलं, ते कुठल्या संस्थेचं आणि उडणार कधी. तिन्हीचं उत्तर आलं तर पैसे कशाचे ते विचारा, कदाचित नुसत्या प्रिंटिंगचे आणि चहापाण्याचे असतील. काही खासगी कंपन्या पैसे घेऊन वस्तू खरोखर वर पाठवतात, तो सरळ धंदा आहे, पण मग तसं सांगून घ्यावेत.

आणि हो, पैसे देऊन लघुग्रहाला मुलाचं नाव देतो म्हणणारा भेटला तर दारातूनच वाटेला लावा. लघुग्रहाचं नाव शोधणारा सुचवतो आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती ठरवते, सोळा अक्षरांच्या आत, विकत मिळत नाही. आपल्या पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे, क्रमांक ३००१२८, तो काही त्यांनी बुक केला नव्हता.

तिसरं पत्र : इयत्ता आठवी, रत्नागिरी

*काका, आमच्या शाळेनं पण नावं पाठवली होती पण मला त्यात मजा नाही आली. मला खरं काहीतरी करायचंय. आठवीतल्या मुलीला काय करता येतं?*

बेटा, तुझं पत्र वाचून मी उठून चहा करून आलो आणि परत वाचलं.

येतं की. आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोध मोहीम म्हणून एक उपक्रम आहे, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून चालतो, फुकट, त्यात शाळांच्या टीम घेतात. हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं काढलेले फोटो तुम्हाला येतात, आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार. ते ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमधे एकामागून एक भराभर दाखवायचे. तारे जागच्या जागी राहतात, आणि एखादा बारीकसा ठिपका चारही फोटोंत सरळ रेषेत पुढं सरकला तर तो लघुग्रह असू शकतो. आपण कोकणात रात्री खाडीवर बघतो ना, सगळे दिवे स्थिर आणि एकच होडीचा कंदील हळूहळू सरकतोय, अगदी तसं. मग त्याची मापं लिहून रिपोर्ट पाठवायचा. डोळे दुखतात, पुष्कळसे ठिपके कॅमेऱ्यातली खोट निघतात, आणि जो खरा निघतो त्याला पक्का क्रमांक मिळेपर्यंत बरीच वर्षं जातात, तोवर तुझं लग्नकार्यही उरकलेलं असेल (हे आजीला वाचून दाखवू नको). पण २०२० मधे सूरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी अशाच मोहिमेतून एक लघुग्रह हेरला होता. शाळेत एक बरा कॉम्प्युटर, नेट आणि चिकाटीची एक बाई किंवा सर एवढं लागतं, तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मिळ.

नाव ठेवण्याचंच बघ. बेनू लघुग्रहाचं नाव नॉर्थ कॅरोलायनातल्या तिसरीतल्या नऊ वर्षांच्या मुलानं ठेवलंय, २०१३ मधे. स्पर्धा होती, पंचवीसहून जास्त देशांतली ८ हजारांवर मुलं होती, कारण लिहून द्यायचं होतं. तो म्हणाला, बेनूकडं जाणाऱ्या ओसायरिस-रेक्स यानाचा लांब हात आणि पसरलेली पॅनेलं बगळ्याच्या मानेसारखी आणि पंखांसारखी दिसतात, आणि बेनू हा इजिप्तच्या लोकांचा देवबगळा. झालं, तेच नाव. त्याच यानावर क्ष-किरणं मोजणारं एक यंत्र तर एमआयटी आणि हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनीच बनवलं होतं. लांब कशाला, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरापोरींनी किलोभर वजनाचा स्वयम उपग्रह बनवला, २२ जून २०१६ ला इस्रोनं तो सोडला. आणि तुझ्या वयाच्या म्हणशील तर देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी आझादीसॅट केला, ऑगस्ट २०२२ मधे रॉकेटच बिघडलं आणि तो गेला, मग दुसरा केला आणि फेब्रुवारी २०२३ मधे तो वर गेला.

चौथं पत्र : एक वाचक, पुणे

*आमच्या भागातल्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही आणि तिथं म्हणे लघुग्रहावर नावं पाठवतात. ही शोभेची कामं बंद करा.*

दार बसवा, शंभर टक्के. सरपंच, नगरसेवक, शाळा समिती, ज्याच्या मागं लागायचं त्याच्या मागं लागा आणि माझं नाव खाली घाला. पण नावं पाठवायला पैसे लागत नाहीत हे वर लिहिलंच आहे, म्हणजे ती न पाठवून दाराचे पैसे सुटणार नाहीत.

शोभेचं म्हणता त्यावर मात्र जपानची गोष्ट सांगतो. हायाबुसा यान २००३ मधे इतोकावा नावाच्या लघुग्रहाकडं निघालं, हा लघुग्रह जेमतेम अर्धा किलोमीटर लांब. तिथं उतरायचं तर खाली नेम धरायला चमकणारी एखादी खूण हवी, म्हणून दहाएक सेंटीमीटरचा चेंडू टाकायचं ठरलं. पण तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं मरतुकडं की साधा चेंडू टप्पा खाऊन कायमचा निघून जाईल. मग त्या इंजिनिअरांना आठवला पोरींचा खेळ, ओतेदामा, म्हणजे आपल्या सागरगोट्यांचाच जपानी भाऊबंद, फक्त गजग्यांऐवजी दाणे भरलेल्या छोट्या कापडी पिशव्या. ती पिशवी जमिनीवर पडली की उसळत नाही, धप्प बसते, कारण आतले दाणे एकमेकांवर घासून जोर जिरवतात. तेच तत्त्व लावून चेंडूत बारीक मणी भरले. आणि त्याच चेंडूत १४९ देशांतल्या ८ लाख ८० हजार लोकांची नावं कोरलेला पत्रा घातला. नोव्हेंबर २००५ मधे तो टाकला, तो बसला, यान त्याच्या चमकेवर नेम धरून खाली उतरलं, आणि २०१० मधे तिथली धूळ घेऊन ऑस्ट्रेलियात परत आलं. चेंडू अजून तिथंच आहे. आता यातलं शोभेचं कुठलं आणि कामाचं कुठलं हे मला तरी वेगळं काढता येत नाही, पुणेकरांना येत असेल.

पाचवं पत्र : मुख्याध्यापक, बुलढाणा जिल्हा

*आमचं गाव लोणारपासून जवळ आहे. यावर्षी मुलांना असं काही करायचंय, पण नावं घेणारं लघुग्रहाचं यान आत्ता आहे का?*

सर, लोणार शेजारी असताना तुम्ही यानाची वाट कशाला बघताय! अवकाशातून आलेला दगड बसाल्टवर आपटून झालेला, जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा तुमच्या सहलीच्या अंतरावर आहे. जग लघुग्रहाकडं यान पाठवतं, तुमच्याकडं लघुग्रह स्वतः आला. आधी तिथं मुलांना न्या, काठावर उभं करा आणि मग पुढचं बोला.

नावं घेणारं नवं यान आलं तर फॉर्म भरा, पण नसलं तरी अडत नाही, जुनंच एक धरून ठेवता येतं. बेनूला गेलेलं ओसायरिस-रेक्स आठवतंय? २०१४ मधे त्याच्यासाठी जगभरातून ४ लाख ४२ हजार नावं गेली होती. २०२३ च्या सप्टेंबरमधे त्यानं बेनूची १२१.६ ग्रॅम माती यूटाच्या वाळवंटात टाकली आणि स्वतः न थांबता पुढं निघालं, चिपसकट. आता त्याचं नाव ओसायरिस-एपेक्स आणि गाठायचाय अपोफिस, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह. हा अपोफिस १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीपासून फक्त ३२ हजार किलोमीटरवरून जाणारय, आपले टीव्हीचे उपग्रह ३६ हजारांवर असतात, त्यांच्याही आतून. घाबरायचं काही नाही, पुढची किमान १०० वर्षं तो आपटणार नाही हे मोजून झालंय. तरी व्हॉट्सॲपवर जगबुडीचे मेसेज येणार बघा, १९७९ ला स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या आळीत लोकांनी रेशनचं धान्य आधीच दळून आणलं होतं, का ते अजून कळलं नाही.

तर आत्ता जी मुलं तुमच्याकडं आहेत त्यांना भिंतीवर एक तक्ता करायला सांगा, दर महिन्याला यान कुठं आणि अपोफिस कुठं याची खूण करायची. नासाच्या साइटवर ते दिसतं. या खुणांच्या नोंदींची वही एकाच्या नावावर ठेवू नका, मूल शाळा सोडून गेलं की वहीही जाते, वर्गाची वही करा आणि पुढच्या वर्गाला द्या.

तो सगळ्यात जवळ येईल तेव्हा घड्याळात पहाटेचे ३ वाजून १६ मिनिटं झाली असतील, म्हणजे आपल्याकडं तारीख बदललेली, १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, शाळेला सुट्टीच. युरोप, आफ्रिका, पश्चिम आशियातून नुसत्या डोळ्यांनी दिसेल म्हणतात, आपल्याकडनं त्या नेमक्या क्षणापेक्षा आदल्या रात्रीच शोधायला सुरुवात केलेली बरी, आणि बायनॉक्युलर जवळ असू द्या. गच्चीची किल्ली मात्र शिपाईमामांकडून संध्याकाळीच मागून घ्या, ते जयंतीच्या तयारीत असतील, नंतर सापडायचे नाहीत.